तात्पुरते मिस्त्री

गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटायचं की तात्पुरते हे मिस्त्रींचं आडनाव. सातपुते असतात, तसे हे कुणी तात्पुरते. एकदा कुरिअरवाला पाकीट घेऊन आला. पाकिटावर मिस्त्रींचं खरं आडनाव होतं, आणि शेजारच्या सायकलवाल्याने त्याला बेधडक सांगून टाकलं, "या नावाचं इथे कुणी राहत नाही." मिस्त्री तेव्हा दहा पावलांवर स्टुलावर बसून पंख्याची मोटर गुंडाळत होते. त्यांनीही मान वर केली नाही. त्यांनासुद्धा आपल्या खऱ्या नावाची सवय राहिली नव्हती.

हे नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. पंप असो, मिक्सर असो, वेल्डिंगचं मशीन असो, बिघाड कुठे आहे ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. हात सोन्याचे, पण काम शेवटाला न्यायचा मनस्वी कंटाळा. तुटलेल्या तारेला पीळ द्यायचा, वर काळी पट्टी गुंडाळायची आणि हात झटकत म्हणायचं, "तात्पुरतं केलंय. चालेल. नंतर येऊन पक्कं करून देतो." ते नंतर काही उजाडायचं नाही, कारण तात्पुरतं कामच पाच-पाच वर्षं चालायचं. बायको म्हणायची, "लग्नाच्या कागदावर सही केलीत ती तरी पक्की आहे ना?" त्यावर ते म्हणायचे, "सव्वीस वर्षं चाललंय. आणखी काय पाहिजे?" राहती खोलीसुद्धा त्यांनी लग्नाच्या वर्षी तात्पुरती म्हणून भाड्याने घेतली होती.

पण नावाचं असं असतं, की माणूस बदलला तरी ते बदलत नाही. या माणसाने गेल्या आठ वर्षांत एकही काम तात्पुरतं केलेलं नव्हतं. साधी इस्त्री दुरुस्तीला आली तरी ते आधी पिन उघडायचे आणि तिसरी तार जागेवर आहे का ते बघायचे. नसेल तर गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचे, घरातल्या बोर्डाची चौकशी करायचे, वेळ पडली तर घरी जाऊन भिंत उकरायचे. लोक वैतागायचे. "अहो, नुसती चालू करून द्या ना," म्हणायचे. मग मिस्त्री असे काही भडकायचे की गिऱ्हाईक इस्त्री उचलून कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जायचं. म्हातारचळ लागला, असं लोक म्हणायचे. छप्पन्न हे काही म्हातारचळ लागायचं वय नाही, पण लोकांना कारण सापडलं की पुरे.

खरं कारण दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक जिवंत नव्हता.

तो म्हणजे गेटवाला. मिस्त्रींचा तरुणपणापासूनचा दोस्त. घराच्या मागच्या अंगाला त्याने पत्र्याची शेड घातली होती आणि तिथे तो गेटं, ग्रिल, खिडक्यांच्या चौकटी करायचा. वेल्डिंगचं मशीन जुन्या पद्धतीचं होतं, लोखंडी पेटीतलं, दोघांनी मिळून हलवावं लागे असं जड. पण गडी मशीनला जपायचा. आणि मिस्त्रींना तोंडावर 'तात्पुरत्या' म्हणायची हिंमत त्याच्या एकट्याचीच होती. बाकीचे पाठीमागे म्हणायचे.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी गेटवाल्याचा फोन आला.

"तात्पुरत्या, मशीन चालू केलं की फ्यूज उडतोय. तीनदा बदलला."

"जळका वास येतोय?"

"छे."

"मग वाइंडिंग ठीक आहे. एखादी तार पेटीला लागत असेल. आज नाही जमायचं रे. परवा येतो."

"परवा? अरे, गेट द्यायचंय मला. माणूस दारात येऊन उभा राहतो रोज."

मिस्त्रींनी मग सांगितलं. किती सहज सांगितलं, ते पुढे त्यांना दिवसातून दहा वेळा आठवायचं. "असं कर. प्लगमधली अर्थची तार काढून ठेव. फ्यूज उडायचा नाही. तात्पुरतं चालेल. फक्त फळीवर उभा राहत जा आणि पेटीला हात लावू नकोस. परवा येऊन पक्कं करून देतो."

ज्यांचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरता आहे, त्यांना हे थोडं समजावून सांगायला हवं. मशीनच्या लोखंडी पेटीला आतून जिवंत तार टेकली, की वीज पेटीत उतरते. पेटीपासून जमिनीपर्यंत एक तार गेलेली असते. त्या तारेतून वीज जमिनीत पळते, फ्यूज उडतो, सगळं बंद पडतं आणि माणूस वाचतो. ही जमिनीकडे जाणारी तार म्हणजे अर्थ. सगळे मिस्त्री तिला अर्थच म्हणतात. ती काढली की फ्यूज उडायचा थांबतो, मशीन छान चालतं आणि वीज मात्र पेटीत तशीच बसून राहते. पुढे पेटीवर जो हात ठेवील, तोच मग अर्थची तार होतो.

त्या परवाला मिस्त्री गेले नाहीत. आजारी नव्हते, मोठं काम आलं नव्हतं, घरात काही अडचण नव्हती. सकाळी एक जुना रेडिओ उघडून बसले, दुपारी जेवले, आडवे झाले. विसरले, बस्स. पाच वाजता सायकलवाला धावत आला. गरम लोखंड विझवायची पाण्याची बादली शेडमध्ये कलंडली होती. गेटवाला ओल्या जमिनीवरून मशीनकडे गेला होता आणि करंट कमी करायला त्याने हात पुढे केला होता.

मिस्त्री तिथे गेले, तेव्हा प्लग भिंतीजवळ लोंबत होता. दोन स्क्रू काढले असते तर आतलं दिसलं असतं. त्यांनी ते काढले नाहीत. 'त्याने तार काढलीच नसेल. माझं ऐकलं नसेल. दुसरंच काही झालं असेल.' एवढ्या तीन वाक्यांच्या आधारावर या माणसाने आठ वर्षं काढली. प्लग उघडला असता तर आधार गेला असता, म्हणून ते मूग गिळून बसले.

त्या घरी जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. नळ गळला, मिस्त्री हजर. पंखा कुरकुरला, मिस्त्री हजर. गेटवाल्याची बायको त्यांना भाऊजी म्हणायची. नवरा गेल्यावर बाकीचे दोस्त वर्षभरात पांगले, हे एकटेच येत राहिले, म्हणून तिला त्यांचं फार कौतुक होतं. "भाऊजी आहेत म्हणून घर उभं आहे," असं ती चारचौघांत म्हणायची. ते ऐकताना मिस्त्री कपातल्या चहाकडे बघत राहायचे. या आठ वर्षांत त्यांनी त्या घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त केली, शेड सोडून. शेडला कुलूप होतं आणि किल्ली वहिनींकडे.

गेटवाल्याची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. आता बावीसची. तिने वेल्डिंगचं शिक्षण घेतलं आणि एका कारखान्यात दुसऱ्यांची गेटं जोडायला लागली. बापाचा हात तिच्यात उतरला होता. एके दिवशी तिचा फोन आला.

"काका, आई तयार झाली एकदाची. बाबांचं मशीन सुरू करायचंय. मी घरीच काम घेणार आता."

"नवीन घे की," मिस्त्री म्हणाले. "हलकी मशीनं आलीत आता, एका हाताने उचलावीत अशी."

"नवीन नको. बाबांचंच पाहिजे. आणि आई म्हणते, भाऊजींशिवाय कुणी हात लावायचा नाही."

मिस्त्रींनी दोनदा उद्या येतो म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि आपण काय करतोय ते त्यांचं त्यांना कळलं. दुपारी हत्यारांची पेटी उचलून ते निघाले.

मुलगी कामावर गेली होती. वहिनींनी कुलूप काढलं, दार लोटलं आणि त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "मी आत येत नाही भाऊजी. तुम्ही बघा. चहा आणते थोड्या वेळाने."

शेडमध्ये सगळं जसंच्या तसं होतं. अर्धं झालेलं गेट भिंतीला टेकून उभं होतं, त्याच्या एका बाजूला लाल रंगाचा हात मारलेला, दुसरी बाजू गंजलेली. जमिनीवर वेल्डिंगचे थिजलेले मणी अजून पायाला टोचत होते. काच लावलेलं शिरस्त्राण खिळ्याला, आणि त्याच्या शेजारी भिंतीवर चामड्याचा जाड एप्रन पसरून टांगलेला. मिस्त्रींना एप्रन तिथे बघून जरा नवल वाटलं. गेटवाला एप्रन दाराच्या मागे लावायचा.

ते मशीनपुढे उकिडवे बसले आणि त्यांनी आधी प्लग हातात घेतला. आठ वर्षं जे टाळलं होतं ते दोन स्क्रूंचं काम होतं. झाकण निघालं. दोन तारा जागेवर होत्या. तिसरी, हिरवी, तिच्या खाचेतून काढून मागे वळवलेली होती आणि तिच्या टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली होती. पट्टीचं शेवटचं टोक मुडपून ठेवलं होतं, म्हणजे पुन्हा सोडवताना नखाने उचलायला सोपं जावं. गेटवाल्याचं कामच तसं. आपला दोस्त परवा येणार आणि ही पट्टी सोडणार, म्हणून त्याने आधीच सोय करून ठेवली होती.

मिस्त्री खाली जमिनीवरच बसले. तो शब्दाला जागला होता आणि आपण जागलो नव्हतो, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बराच वेळ गेला. मग हातांनीच काम सुरू केलं, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

पेटीतून त्यांनी टेस्ट लॅम्प काढला. सेल आणि दोन लांब तारा जोडलेला साधा बल्ब, बस्स. एक टोक मशीनच्या तारेला लावलं, दुसरं मशीनच्या पेटीचा रंग खरवडून उघड्या पत्र्याला टेकवलं. बल्ब भक्कन पेटला. म्हणजे आठ वर्षं झाली तरी वीज पेटीत उतरायला तयार बसली होती. त्यांनी बाजूचा पत्रा काढला, धूळ फुंकली, तांब्याच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं. वेढे ठणठणीत होते. मग एकेक तार हलवून बघायला लागले आणि बल्बवर डोळा ठेवला. जिथे मुख्य तार पत्र्याच्या भोकातून आत शिरते, तिथली तार उचलताच बल्ब विझला. सोडली, पुन्हा पेटला.

तेवढंच होतं. त्या भोकात एक रबरी बुश असतो, तारेला पत्र्याची धार लागू नये म्हणून. तो वाळून, चिरून गळून पडला होता. मशीन चालताना थरथरतं, आणि त्या थरथरीत पत्र्याच्या धारेने तारेचं आवरण कापलं होतं. नखाएवढं तांबं उघडं पडलं होतं. मिस्त्रींच्या पेटीतल्या डबीत असे बुश पंचवीस-तीस तरी होते. तेव्हाही असायचे. अर्ध्या तासाचं काम.

त्यांनी खराब तुकडा कापला, तारेचं टोक नव्याने पक्कं केलं, नळी चढवली, बुश बसवला. मेगर नावाचं मीटर लावून वेढ्यांत ओल शिरलेली नाही याची खात्री केली. शेवटी हिरव्या तारेवरची पट्टी सोडली. मुडपलेलं टोक नखाने लगेच उचललं गेलं. तार खाचेत घालून स्क्रू असा आवळला की पेचकसाची खूण तळहातावर उमटली. पुन्हा टेस्ट लॅम्प लावला. बल्ब काळा तो काळाच राहिला.

"झालं?" वहिनी दारात चहा घेऊन उभ्या होत्या.

"झालं."

"काय झालं होतं त्याला?"

"तार घासली होती."

वहिनींनी चहा गेटाच्या आडव्या पट्टीवर ठेवला आणि, जरा थांबून, आठ वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांच्या हातात एक ओलं फडकं होतं.

"भाऊजी, आणखी एक काम आहे. तुमच्याशिवाय कुणाला सांगता यायचं नाही. पोरगी साडेसहाला येईल. त्याच्या आत व्हायला पाहिजे."

त्यांनी भिंतीवरचा एप्रन खाली घेतला. मागे काळा रंग दिलेला पत्रा होता. गेटवाला त्याच्यावर खडूने मापं लिहायचा. मापं अजून होती, कुठल्याशा गेटाची, साडेसहा बाय चार. त्याच्या खाली, त्याच ठसठशीत अक्षरात, एवढंच लिहिलेलं होतं:

अर्थ नाही. परवा.

मिस्त्रींनी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथे कुलूप लावायला आले," वहिनी म्हणाल्या. त्या पत्र्याकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या. "तेव्हा दिसलं. मग हा एप्रन लावून टाकला. त्याच्या आधी आमचं भांडण झालं होतं भाऊजी. कंपनीत पक्की नोकरी मिळत होती त्यांना. नाही म्हणाले. मी म्हटलं, या लोखंडात, या धुरात तुमचा खोकला वाढतोय, पोरीकडे बघायला वेळ नाही, काय अर्थ आहे या सगळ्यात ते एकदा सांगा मला. काही बोलले नाहीत. उठून इकडे आले. पुढे दोन दिवस आमचं धड बोलणं नाही. आणि मग ते झालं."

वहिनींनी फडकं या हातातून त्या हातात घेतलं. "त्यांनी मला उत्तर लिहून ठेवलं होतं. दिवससुद्धा लिहून ठेवला होता."

"वहिनी—"

"लोक म्हणतात अपघात. मी म्हणू देते. बादली कलंडली म्हणतात. कलंडली की कलंडवली, ते कुणी बघितलंय? पोरीने हे वाचलं तर तिला कळेल की आईच्या एका वाक्याने बाप गेला. माझ्याच्याने हात लाववत नाही. एवढं पुसून टाका." आणि त्यांनी फडकं मिस्त्रींच्या हातात दिलं.

फडकं ओलं होतं आणि खडू जुना होता. एक हात फिरवला की संपलं. ज्या तीन शब्दांत आठ वर्षांपूर्वीची ती सकाळ होती, ते शब्द पुसायला आता खुद्द वहिनीच सांगत होत्या. मिस्त्री उठून पत्र्यापर्यंत गेले, हेही सांगायला हवं. फडकं त्यांनी वर उचललं. 'परवा' या शब्दापासून ते वीतभर अंतरावर होतं. मग त्यांना मागून वहिनींचा श्वास ऐकू आला, रडून न संपलेला, आणि त्यांचा हात खाली आला.

"वहिनी, हा तो अर्थ नाही."

"म्हणजे?"

मिस्त्रींनी प्लग उचलला, पुन्हा उघडला आणि हिरवी तार दाखवली. "ही अर्थ. आमच्या धंद्यात हिला अर्थ म्हणतात. वीज हिच्यातून जमिनीत जाते. ही त्याने काढून ठेवली होती. म्हणून स्वतःला आठवण राहावी म्हणून लिहिलं, मशीनला अर्थ नाही, जपून. तुमच्या बोलण्याचा इथे काही संबंध नाही. मापाच्या खाली लिहिलंय बघा. उत्तर द्यायचं असतं तर त्याने तुम्हाला घरात येऊन दिलं असतं. तो काय घाबरत होता तुम्हाला?"

वहिनींनी तारेला बोट लावलं. मग पत्र्याकडे बघितलं. मग परत तारेकडे. "अर्थ म्हणजे ही?"

"ही."

"म्हणजे ते माझ्यावर रागावून नाही गेले?"

"तो संध्याकाळी जेवायला घरी येणार होता वहिनी."

वहिनी खाली बसल्या, त्याच फळीवर, जिच्यावर गेटवाला उभा राहायचा. पदर तोंडाला लावला आणि त्या अशा रडल्या की मिस्त्रींना तिथे उभं राहवेना. आठ वर्षांचं होतं ते. मध्येच त्या हसल्यासुद्धा. "मला मेलीला काय माहीत तारेला अर्थ म्हणतात ते," त्या म्हणाल्या. "कधी इकडे फिरकले नाही. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून."

इथे थांबता आलं असतं. वहिनींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं आणि मिस्त्रींचं कुणाला दिसत नव्हतं. आत उघडी तार, वरून काळी पट्टी. चालेल असं काम झालं होतं, आणि असं काम या माणसाइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमत नसे. चहा प्यायचा, पेटी उचलायची, निघायचं. मिस्त्री पेटीकडे वळलेही.

"आणि परवा काय?" वहिनींनी डोळे पुसत विचारलं.

मिस्त्रींनी पेटीचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "परवा मी येणार होतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. फोन, फ्यूज, गेट द्यायचं होतं ते, तार काढ म्हणून आपणच सांगितलं ते, परवा येतो म्हणालो ते. काही मागे ठेवलं नाही. वहिनी ऐकत होत्या. त्यांचं रडणं थांबलं होतं.

"कुठे होतात तुम्ही त्या दिवशी?"

"घरी."

"बरं नव्हतं?"

"बरा होतो. रेडिओ उघडून बसलो होतो."

"मग?"

"विसरलो."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिचं एक चाक कुचकुचत होतं.

"तुम्हाला हे सगळं आधीपासून माहीत होतं."

"मी सांगितलं, हे माहीत होतं. त्याने ऐकलं, हे आज कळलं. प्लग उघडल्यावर."

"आठ वर्षांत कधी उघडून बघावासा वाटला नाही?"

"वाटायचा. म्हणूनच नाही उघडला."

मिस्त्रींना वाटलं, त्या आता ओरडतील, चहाचा कप फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं. पण वहिनींचा आवाज चढला नाही.

"तुम्ही दर आठवड्याला या घरात आलात," वहिनी म्हणाल्या. "माझा पंखा बघितलात, नळ बघितलात. मी तुमच्यासमोर चहा ठेवायचे आणि आत जाऊन त्यांच्या फोटोकडे पाठ करून उभी राहायचे. वर बघायची हिंमत नव्हती. एक शब्द बोलला असतात, तर मी आठ वर्षं मान वर करून जगले असते, मिस्त्री."

आठ वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच भाऊजी म्हटलं नव्हतं. मिस्त्रींच्या ते लगेच लक्षात आलं. पण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"चुकलो" म्हणावं असं त्यांच्या मनात आलं. तो शब्दही त्यांना तात्पुरता वाटला.

दारात स्कूटर थांबली. मुलगी आली होती, साडेसहाच्या आधीच. अंगात कारखान्याचा निळा डगला, बाहीवर ठिणग्यांची बारीक भोकं. तिने शेडचं दार उघडं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. ती धावतच आत शिरली, मशीनच्या पेटीवर तळहात ठेवून उभी राहिली. तिचा हात पेटीला टेकताना बघून मिस्त्री एक पाऊल पुढे आले. काही झालं नाही. काम पक्कं होतं.

"झालं काका? अर्थिंग बघितलंत ना नीट?" असं विचारता विचारता तिची नजर वर गेली. तिने बापाचं अक्षर ओळखलं. ती पत्र्याजवळ गेली. वहिनी फळीवरून उठल्या नाहीत, फडकं मिस्त्रींच्या हातातच होतं.

"अर्थ नाही," तिने वाचलं. ती वेल्डर होती, तिला समजायला क्षणही लागला नाही. "अर्थिंग काढलेलं होतं मशीनचं? आई, बाबांनी लिहून ठेवलं होतं हे. त्यांना माहीत होतं." तिचं बोट पुढच्या शब्दावर गेलं. "आणि हे परवा काय आहे?"

मिस्त्रींनी बोलायला तोंड उघडलं. पण वहिनी आधी बोलल्या.

"परवा मिस्त्री येणार होते. दुरुस्तीला."

"मग? आले नाहीत?"

वहिनी उठल्या. गेटाच्या पट्टीवरचा चहा तसाच भरलेला होता, वर साय धरली होती. त्यांनी कप उचलला आणि दाराकडे चालायला लागल्या.

"आले," त्या म्हणाल्या. "आज आले."